‘ताई, आधी पाच वर्षं मासे पाळा’

प्रश्न : मी नाशिकला राहते. तीन आठवड्यांपूर्वी दोन फुटी काचेची टाकी (२४ × १२ × १५ इंच) आणली आणि त्याच संध्याकाळी तीन ओरांडा गोल्डफिश सोडले. आठव्या दिवशी पाणी दुधट झालं. दहाव्या आणि तेराव्या दिवशी एकेक मासा गेला. तिसरा वर येऊन तोंड उघडझाप करतोय. आमच्या भागात मासे पाळणारी मंडळी दर रविवारी जमतात, त्यांना विचारलं. दुकानदार म्हणतात, दर आठवड्याला सगळं पाणी बदला आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुवा. एक ज्येष्ठ काका म्हणतात, पाणी कधीच बदलू नका. त्यांची तीन फुटी एंजल माशांची टाकी बारा वर्षांची आहे, आटलेलं पाणी ते घरच्या आरओच्या पाण्याने भरून काढतात. एकदा पाणी बदललं तर दुसऱ्या दिवशी निम्मे मासे गेले, तेव्हापासून हात लावला नाही म्हणाले. तिसरे म्हणतात मीठ टाका, चौथे म्हणतात निळं औषध. मी टेस्ट किट आणून पाहिलं तर अमोनिया २ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), नायट्राइट शून्य, पीएच ८.२. हे सांगितलं आणि ‘मला वाटतं पाणी निम्मं बदलायला हवं, बाकी बाटलीतले जिवाणू टाकल्यामुळे टाकी पहिल्याच दिवशी तयार झाली होती’ असंही म्हणाले, तर सगळे हसले. ‘ताई, आधी पाच वर्षं मासे पाळा, मग मत मांडा.’ कुणाचं ऐकू? आणि या मंडळींत पुन्हा जाऊ की नको?

उत्तर : मंडळींचं नंतर बघू. एक मासा अजून जिवंत आहे, आधी त्याचं.

अमोनिया २ आणि पीएच ८.२ हे आकडे वेगवेगळे वाचायचे नसतात. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. जुन्या, ‘तयार’ टाकीच्या फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात, नव्या टाकीत ते अजून वाढलेले नसतात. पाण्यात त्याची दोन रूपं असतात : एक अमोनियम, ज्याचा फारसा त्रास नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. किट या दोघांची बेरीज दाखवतं. त्यातला विषारी वाटा किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी २६ अंशांचं आणि पीएच ७ असेल, तर बेरजेतला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी असतो. पीएच ८.२ असेल, तर तोच वाटा ९ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे तुमच्या २ पीपीएममध्ये विषारी भाग साधारण ०.१८. कल्ल्यांना इजा ०.०५ च्या पुढे सुरू होते. तुमचा मासा वर येऊन तोंड उघडतोय तो यामुळे. पाण्यात हवा असली तरी भाजलेल्या कल्ल्यांनी ती घेता येत नाही.

तेव्हा पाणी निम्मं बदलायचं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. आजच बदला. दुकानात या टाकीला ‘सत्तर लिटर’ म्हणतात (लांबी, रुंदी, उंची इंचांत घेऊन गुणायची आणि ६१ ने भागायचं), पण वर दोन इंच मोकळे सोडले आणि खडी वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास उरतं. हा आकडा टाकीवर चिकटवून ठेवा, कारण औषध, मीठ, अँटी-क्लोरीन सगळं यावरच मोजायचं. आज २७ लिटर काढा. भरायचं पाणी पालिकेचं असेल तर त्यात क्लोरीन आहे. बादलीत अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने टाका, किंवा एअर स्टोन सोडून २४ तास ठेवा. आज घाई आहे, म्हणून अँटी-क्लोरीनच. दोन्ही पाण्यांत बोट बुडवून फरक जाणवत असेल तर आधी कोमट पाणी मिसळून तो घालवा. नाशिकच्या थंडीत सकाळचं गच्चीवरच्या टाकीतलं पाणी माशाला झटका देण्याइतकं गार असतं. मग मगाने, सावकाश भरा.

एकदा निम्मं बदललं की २ चा १ होतो, शून्य नाही. शिवाय मासा रोज भर घालत राहतो. म्हणून उद्या पुन्हा मोजा आणि पुन्हा निम्मं बदला. त्यानंतर रोज सकाळी मोजायचं आणि आकडा ०.५ किंवा वर दिसला की निम्मं बदलायचं. तुमच्या पीएचला ०.५ ही लक्ष्मणरेषा समजा. खाणं दिवसाआड, तीन-चार दाणे. गोल्डफिश भुकेला दिसतोच, तो नेहमीच तसा दिसतो. काही दिवसांच्या उपासाने त्याचं काही बिघडत नाही, पण न खाल्लेला दाणा कुजला की अमोनियात भर पडते. फिल्टर रात्रीही बंद करायचा नाही. दुधट पाणी ही नव्या टाकीतल्या वेगळ्या जिवाणूंची लाट असते, ती आपोआप ओसरते. ती घालवायला टाकी रिकामी करून घासू नका.

आता चार सल्ल्यांकडे येऊ. आमच्या मते यातला एकही माणूस खोटं बोललेला नाही. प्रत्येकाने आपल्या टाकीत जे पाहिलं ते सांगितलं, फक्त टाकी तुमची नव्हती. मासे पाळण्यातला अनुभव पाण्यासकट येतो. मुंबईत तलावाचं मऊ पाणी येतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि वरच्या पीएचचं. तुमच्या इमारतीत पालिकेच्या पाण्यात बोअर मिसळत असेल, तर तुमचा ८.२ तिथून येतो. मऊ पाण्यावर मासे ठेवणारा कुणी ‘दोन पीपीएमने काही होत नाही’ म्हणाला, तर त्याच्या घरी ते खरंच आहे.

काकांची गोष्ट सगळ्यात नीट समजून घेण्यासारखी आहे. त्यांना जे दिसलं ते अगदी खरं आहे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तुमच्या माशाचा जीव घेईल. टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा पाण्यातला क्षार खर्च होतो : एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. हा क्षार पीएचला धरून ठेवतो. नळाचं पाणी घातलं की तो भरून निघतो. आरओच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. म्हणजे काकांच्या टाकीत बारा वर्षं क्षार खर्च होतोय आणि भर काही पडत नाही. पीएच हळूहळू सहाच्या आसपास उतरतो. तेवढ्या आंबट पाण्यात जिवाणूंचं कामही मंदावतं आणि अमोनिया साठायला लागतो. पण तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो, त्यामुळे मासे मजेत दिसतात. इतकं हळू बदललेलं पाणी त्यांना सोसतं.

समजा तिथे अमोनिया ४ पीपीएम आणि पीएच ६.२ आहे. विषारी भाग ०.००४ सुद्धा नाही. आता काकांनी निम्मं पाणी काढून नळाचं भरलं. अमोनिया ४ चा २ झाला, चांगलंच झालं. पण पीएच एका तासात ७.८ वर गेला आणि विषारी भाग झाला ०.०७ च्या घरात, म्हणजे वीसेक पट. त्यात पाण्यातले क्षारही एकदम बदलले. दुसऱ्या दिवशी निम्मे मासे गेले. काकांनी डोळ्यांनी पाहिलं की पाणी बदललं आणि मासे मेले. त्यांना दोष कसा द्यायचा? पण मासे मारले ते त्याआधी वर्षानुवर्षं न बदललेल्या पाण्याने. तुमची टाकी तीन आठवड्यांची आहे, तिचा आणि नळाचा पीएच सारखाच असणार, त्यामुळे हा धोका तुम्हाला नाही. खात्री हवी तर नळाच्या पाण्याचाही पीएच मोजून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर आहे. नव्या टाकीत पाणी बदलावं लागतं हे त्यांना रोज दिसतं. पण स्पंज नळाखाली धुतला की त्यात वाढू लागलेले जिवाणू क्लोरीनने मरतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असा स्पंज दर रविवारी धुणाऱ्याची टाकी वर्षानुवर्षं ‘नवीच’ राहते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा पिळून, आणि तोही वेग कमी झाला तरच. तुमचा तर पुढचे दोन महिने हात न लावलेला बरा.

‘मीठ टाका’ हा सल्लाच नाही, कारण त्यात माप नाही. मीठ अमोनियावर काही करत नाही. नायट्राइटवर करतं : नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं तेव्हा मिठातलं क्लोराइड त्याची वाट अडवतं. क्लोराइड नायट्राइटच्या दहापट तरी असायला हवं. तुमच्या ५५ लिटरला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सहाएक ग्रॅम जाडं मीठ, त्यासाठी पुरतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मात्र लिटरला दोन-तीन ग्रॅम वापरतात. तुमच्या टाकीला ते ११० ते १६५ ग्रॅम झालं, म्हणजे वाटीभर. एकच वाक्य आणि मापात वीस-तीस पटींचा फरक! आज तुमचं नायट्राइट शून्य आहे, मीठ नको. येत्या दोन आठवड्यांत अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट वर येईल, तेव्हा तो एक चमचा मगभर पाण्यात विरघळवून टाका. पाणी निम्मं बदललंत तर अर्धा चमचा परत. पाणी आटलं तरी मीठ उडून जात नाही, म्हणून आटलेलं भरताना मीठ घालायचं नाही.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. अंड्यांवरच्या बुरशीला, वेगळ्या टबात, ते चांगलं. मुख्य टाकीत टाकलं तर स्पंजमधले जिवाणू मरू शकतात आणि काचांच्या सांध्यांमधलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. इथे एक कसोटी हाताशी ठेवा : दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील आणि दोन्ही पटत असतील, तर जी परत फिरवता येते ती आधी करावी. बदललेलं पाणी पुन्हा बदलता येतं, मेलेले जिवाणू उद्या परत येत नाहीत. आणि एका वेळी एकच बदल. पाणी बदललं, मीठ टाकलं, औषधही टाकलं आणि मासा वाचला, तर कशाने वाचला हे ना तुम्हाला कळणार ना मंडळींना. पुढच्या नवख्याला तिन्ही सांगितलं जाणार. असेच तर परस्परविरोधी सल्ले जन्माला येतात.

सल्ला देणाऱ्याला काय विचारायचं तेही सांगतो. तुमचं पाणी कुठलं? टाकी किती लिटरची आणि किती जुनी? उपाय केला तेव्हा आणखी काय बदललं होतं? आणि मासे किती वर्षं जगले? हा शेवटचा प्रश्न सौम्यपणे, पण नक्की विचारा. ‘आमचा गोल्डफिश बाउलमध्ये तीन वर्षं जगला’ हे अभिमानाने सांगितलं जातं. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, तेव्हा तीन वर्षं म्हणजे तो लहानपणीच गेला.

आता त्या हसण्याबद्दल. आम्हाला ते आवडलं नाही. तुम्ही त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी बोललात आणि मंडळींनी दोन्ही एका फुंकरीत उडवल्या. ‘अमोनिया २, पीएच ८.२’ हे मत नव्हतं, मोजमाप होतं. मोजमापाला पाच वर्षं लागत नाहीत. किट आणि परीक्षानळी लागते. बैठकीतल्या इतर चौघांपैकी कुणी आकडा सांगितल्याचं तुमच्या पत्रात नाही. त्या खोलीत तुमच्या टाकीबद्दल सगळ्यात जास्त माहिती तुम्हालाच होती, आणि ज्येष्ठांचं काम होतं ‘नळाचा पीएच किती?’ एवढं विचारणं.

बाटलीतल्या जिवाणूंचं मात्र तुम्ही चुकलात, आणि तिथे तुम्हाला अडवायला हवंच होतं. काही बाटल्या काम करतात, काही दुकानाच्या फळीवर उन्हाळा काढून मेलेल्या असतात. बाहेरून ओळखता येत नाही. पण तुमच्याच किटने निकाल दिला आहे : टाकी तयार असती तर तीन आठवड्यांनी अमोनिया २ दिसला नसता. तुम्ही आकडा सांगितलात आणि त्याच दमात त्या आकड्याने खोटं ठरवलेलं लेबलवरचं वाक्यही सांगितलंत. ऐकणाऱ्याला दुसरंच लक्षात राहिलं. पुढच्या वेळी ‘मला दिसलं’ आणि ‘मला वाटतं’ यांच्यामध्ये श्वास घ्या. आधी दिसलं ते सांगा : तारीख, लिटर, पीएच, अमोनिया, नायट्राइट, काय खाऊ घातलं, काय बदललं. मग वाटतं ते प्रश्न म्हणून विचारा. एक साधी वही ठेवा, रोज एक ओळ. पंधरा ओळी झाल्या की ती वही बैठकीत पुढे सरकवा. वहीवर हसणं अवघड असतं.

जुन्या मंडळींचीही एक बाजू आहे. दर महिन्याला कुणीतरी नवं येतं, तोच प्रश्न विचारतं, व्हिडिओत पाहिलेलं ठासून सांगतं, आणि दोन महिन्यांत टाकी गच्चीवर जाते. त्याचा शीण येतो. तरी जाणकारांनीही आपलं ज्ञान कायमचं समजू नये. कित्येक वर्षं छंदाच्या पुस्तकांत लिहिलं होतं की टाकीत नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये कुणीतरी फिल्टरमध्ये खरंच शोधलं, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा निघाला. २०११ मध्ये आणखी एक शोध लागला : गोड्या पाण्याच्या बऱ्याचशा फिल्टरांत अमोनिया खाण्याचं मोठं काम जिवाणू नव्हे, तर आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव करतात. तीस-तीस वर्षं मासे पाळलेल्यांना हे माहीत नव्हतं, कारण कुणी मोजलं नव्हतं.

तुम्हीही उद्या कुणा नवख्याला सल्ला द्याल, कदाचित पुढच्याच रविवारी. ‘माझ्या टाकीत, या पाण्यात, असं झालं’ एवढं तीन आठवड्यांच्या अनुभवावर खुशाल सांगा. औषधाचं माप मात्र स्वतः वापरून, पुढे काय झालं ते पाहिल्याशिवाय सांगू नका.

तर बैठकीला जा की नको? जा, आणि त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुम्हाला आत्ता ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे, ते दुकानात मिळत नाही : जुन्या, चालू फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा. त्यात तयार जिवाणू असतात. नव्या टाकीत ते आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. चांगला तुकडा मिळाला तर काम काही दिवसांवर येतं. नियमित पाणी बदलणाऱ्या कुणाकडे तरी मागा. त्याच्या टाकीत गेल्या दोन महिन्यांत रोग आला नव्हता ना, नवे मासे सोडले नव्हते ना, हे आधी विचारा, नाहीतर जिवाणूंबरोबर पांढरे ठिपकेही घरी याल घेऊन. तळहाताएवढा तुकडा पुरे. झाकणाच्या डब्यात, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, तास-दोन तासांत घरी आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये स्पंजाला चिकटून बसवा. धुवायचा नाही, वाळू द्यायचा नाही. वीज तास-दोन तास जाते तिथे बॅटरीवरचा छोटा एअर पंप ठेवा. या जिवाणूंना माशांइतकीच हवा लागते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सात दिवस सलग शून्य राहिले की रोजचं खाणं सुरू करा. दुसरा मासा त्यानंतर महिन्याने, आणि तोही आधी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून. तिसऱ्याचा विचार सोडा. ओरांडा पंधरा-वीस सेंटिमीटरचा होतो, आणि वाढल्यावर दोघांनाही ही टाकी अपुरी पडेल.

बैठकीला जाताना किट पिशवीत टाका. काकांना विचारा, ‘काका, तुमच्या टाकीचं पाणी एकदा बघू का?’ त्यांच्यासमोरच पीएच आणि अमोनिया मोजा. नायट्रेटही मोजा, पण नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवून मगच थेंब टाका, नाहीतर आकडा खोटा, कमी दिसतो. आमचा अंदाज बरोबर निघाला आणि पीएच सहाच्या आसपास आला, तर त्या बारा वर्षांच्या टाकीतल्या एंजलना धोका आहे. काकांनी एकदम काही करू नये. त्यांच्या टाकीत दीडशेएक लिटर पाणी असेल. पहिल्या दिवशी पंधरा लिटर बदलायचं, तेही नळाचं, आरओचं नाही, आणि सावकाश. दुसऱ्या दिवशी मोजायचं, मासे नीट असतील तर पुन्हा पंधरा. असे दोन आठवडे. रोजचे आकडे लिहायला त्यांना तुमच्यासारखी एक वही नेऊन द्या.